जिनिंगवरची धुरपतामावशी

शेजारच्या पोरीला नोकरी लागली म्हणून परवा पेढे आले. मी विचारलं, "कायम का गं?" तर म्हणाली, "नाही काकू, कंत्राटावर. अकरा महिने झाले की ब्रेक देतात आणि परत नव्यानं घेतात." पोरगी आनंदात होती. तिचा आनंद घालवावा असं काही माझ्या मनात नव्हतं, पण माझ्या जिभेला हाड नाही. म्हणाले, "बाई, नव्यानं घेतील तर घेऊ देत. पण कुणी विचारलं तर तू जुनी म्हणून सांग. नवी म्हणू नकोस कधी." तिला काहीच कळलं नाही. सुनेनं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. पेढा हातात तसाच राहिला आणि मला धुरपतामावशी आठवली.

मावशी माझ्या नात्यातली नव्हती, गावातली नव्हती, जातीतलीही नव्हती. माझ्या शेजारचं मशीन तिचं, एवढंच आमचं नातं. आम्ही दोघी जिनिंगवर होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. परभणीत तेव्हा अशा बऱ्याच होत्या. आमची स्टेशनच्या पलीकडं होती. शेठचं नाव काय घ्यायचं, मेलेल्या माणसाच्या नावानं तोंड कशाला विटाळू! कापूस घरात यायला लागला, की दिवाळीच्या आगंमागं नारळ फोडून मशीनं सुरू व्हायची आणि उन्हं तापली की बंद. तेवढे महिने आमचे. बाकीच्या महिन्यांत ज्याचं त्यानं बघायचं. निंदायला जा, वीटभट्टीवर जा, रोजगार हमीवर खडी फोडा, नाहीतर उपाशी झोपा.

पेडगावला आमचं रान थोडं आणि खाणारी तोंडं लय. म्हणून आम्ही परभणीत आलो. नवरा अडतीवर हमालीला लागला आणि मी चौऱ्याऐंशीच्या हंगामात जिनिंगवर. पहिल्या दिवशी मुंजाजी मुकादमानं मला दारापासून दुसऱ्या मशीनवर उभं केलं. दाराजवळच्या पहिल्या मशीनवर एक उंच, काटक बाई होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक शब्द न बोलता माझा अंबाडा सोडला. पुन्हा असा करकचून बांधला, की माझे डोळे ताणले गेले. पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपराकडं सरकवून वर चिंधी बांधली. मग म्हणाली, "मशीनला काय बी लोंबतं दिसलं, की ते वढून घेतं. केस घेतं, पदर घेतं, हात बी घेतं. समजलं का?"

मी मान हलवली.

"आता दुसरं. कुणी प्यांटवाला साहेब आला आन इचारलं, बाई कव्हापासून हाईस इथं, तर काय सांगशील?"

"आजपासून."

"आज खरंच आजपासून. पर धा वर्सानं इचारलं तरी हेच. 'परवाच आले साहेब, नवीच हाय.' मन बरं एकदा."

मला हसू आलं. ती हसली नाही. "हसू नगंस. याच्यावर चूल हाय आपली," एवढं म्हणून ती आपल्या मशीनकडं वळली.

त्यातली मेख मला पुढं कळली. जी बाई जुनी ठरली तिचा हक्क तयार होतो, तिला कायम करावं लागतं, बारा महिने पगार द्यावा लागतो, आजारपणात बघावं लागतं. म्हणून जिनिंगवर कुणाला जुनं होऊच द्यायचं नाही. दर हंगामाला नारळ फुटला की आम्ही सगळ्या नव्या. केस पांढरे झालेल्या बायकाही नव्या. आम्हाला हे शिकवलं मुकादमानं, पण पाठ करून घेतलं आम्हीच एकमेकींकडून. जी जुनी म्हणेल ती बाहेर, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

मशीनं दोन रांगांत असायची. खालून पट्टे फिरायचे. आम्ही मशीनपुढच्या फळीवर उभं राहून वरून कापूस घालायचा. सरकी खाली पडायची, रुई पुढून निघायची. आवाज असा, की शेजारणीनं कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून जिनिंगवरच्या बायका ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, जोडीला हात, भुवया, मान. महिनाभरात मलाही ते यायला लागलं. नाकातोंडाला फडकं बांधलेलं असायचं ते बोलण्यापुरतं खाली ओढायचं, आणि बोलण्याची हौस तर दांडगी, म्हणून निम्मी रुई आमच्या पोटात जायची ती गप्पांपायी.

या भाषेत मावशी सगळ्यांची गुरू. ती या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या बाईची सासू काल काय म्हणाली ते सांगायची. एकदा ऑफिसच्या काचेमागं शेठ फोनवर गयावया करत होता. मावशीनं कापूस घालता घालता एका डोळ्यानं सगळं वाचलं आणि पूर्ण रांगेला ओठांनी सांगितलं, "शेठाणी मनायलीय, आज घरी येऊच नगा." शेठ बाहेर आला तर दोन रांगा बायका खाली माना घालून हसताहेत. त्याला काय कळणार? त्याला वाटलं बायका खुशीत आहेत. मुकादमाला म्हणाला, काम बरं चाललंय. यावर आम्ही आठवडाभर हसलो.

जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळं वेगळं व्हायचं. मशीनपुढं आम्ही कशाही उभ्या असू, भाकरी सोडायला जातीजातीनं बसायच्या. मी आमच्या बायकांत बसले. मावशी तिच्या वस्तीतल्या बायकांत, पलीकडच्या भिंतीला. तिनं तिकडून ओठ हलवून विचारलं, "कालवण काय हाय?" मी इकडून सांगितलं. मग रोजचंच झालं ते. दोन भिंतींना दोघी बसून आवाज न करता जेवणभर गप्पा. पुढं एका हंगामात मीच उठून तिच्याशेजारी जाऊन बसले. आमच्यातली एक बाई काहीतरी पुटपुटली. मावशी म्हणाली, "मोठ्यानं बोल की माय, मला ओठ दिसंनात तुजे." ती बाई गप्प झाली ती कायमचीच.

मावशीचं गाव पालमकडचं. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव जाळपोळ झाली, त्यात तिचं घर गेलं. ते ती एका दमात सांगायची, "घर जळालं, शेळी वाचली, नवरा पुण्याला गेला." नवरा पुण्याहून आलाच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "साहेब झालाय तिथं. फुरसत न्हाई." हे म्हणताना हसायची, पण त्या विषयावर दुसरं वाक्य काढू द्यायची नाही. हंगामात तापातही ती खाडा करत नसे, पण नामांतराचा मोर्चा असला की मशीन सोडून जायची. मुकादम ओरडायचा. ती म्हणायची, "त्या नावापायी घर गेलं माजं. एक रोज गेला तर काय झालं?" पुढं चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ते नाव लागलं, वस्तीत गुलाल उधळला. मावशी तेव्हा नव्हती. त्याच्या थोडं आधीच गेली होती.

घर जळालं तेव्हा पाठीशी बांधलेली एक पोर होती, सुनिता. मावशीचा सगळा जीव तिच्यात. आम्हाला सुट्टी झाली की गुळाचा खडा मिळायचा. गुळानं छातीतली रुई निघून जाते म्हणे. मावशी त्याला 'शेठची दवा' म्हणायची आणि न खाता पदराच्या गाठीला बांधायची. मी म्हणायचे, "मावशे, खा की गं, खोकतीस किती." "सुनिता वाट बघायली आसंल," एवढंच उत्तर. ती पोरगी त्या गुळावर वाढली म्हणा ना.

पण त्या पोरीला तिनं कधी जिनिंगच्या आसपास फिरकू दिलं नाही. बाकीच्यांची लेकरं डबा आणायची, सरकीच्या ढिगावर खेळायची, थोडी मोठी झाली की आईशेजारीच उभी राहायची. सुनितानं एकदा विसरलेली भाकरी आणून दिली. मावशीनं गेटवरच तिच्या पाठीत धपाटा घातला आणि भाकरीसकट परत पाठवली. दिवसभर उपाशी राहिली, पण भाकरी ठेवून घेतली नाही. मी रागावले तर म्हणाली, "कमळे, तिनं हे गेट पायाखाली घालायचं न्हाई. एकदा घातलं की रस्ता माहीत होतो." तिच्या मनात पोरीला नर्स करायचं होतं. दवाखान्यातल्या नर्सा ती लांबून बघायची. कडक साड्या, घड्याळ, आणि महिना भरला की पगार. पाऊस असो का ऊन, पगार. "त्यांना कुणी इचारत न्हाई, नवी का जुनी," म्हणायची.

त्यासाठी पोरगी शाळेत टिकायला पाहिजे होती. आणि दर पावसाळ्यात तिथंच पाणी मुरायचं. जिनिंग बंद, हातात काही नाही. मग मावशी निंदायला जायची आणि एकटीच्या रोजात भागत नाही म्हणून पोरीलाही न्यायची. शाळा जूनला उघडायची आणि सुनिता जायची दसऱ्याला. मास्तर दरवर्षी नाव कमी करायला निघायचे, दरवर्षी मावशी जाऊन पाया पडायची. ती कायम झाली असती तर हे सगळं मिटलं असतं. कायम हा शब्द ती देवाच्या नावासारखा उच्चारायची, आणि एरवी ती कुठल्या देवाला मानत नसे.

तपासणीला साहेब यायचे तेव्हा मात्र तिला चेव यायचा. एका वर्षी एक तरुण साहेब आले. नवे असावेत. मशीनं थांबवली. मावशीला विचारलं, "बाई, किती दिवसांपासून काम करता?" मावशी नखशिखांत पांढरी, भुवयांवर रुई, डोक्यावर रुई. तिनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि म्हणाली, "नवी नवरी हाय साहेब. परवाच आले. आजून उखाणा बी घेतला न्हाई." दोन्ही रांगा हसून लोटपोट. साहेबही हसले, मुकादम हसला, शेठ हसला. साहेब लिहून निघून गेले. मावशीनं फडकं तोंडावर ओढायला घेतलं आणि ओठ झाकायच्या आधी मला म्हणाली, "भाड्याला खरं वाटलं की न्हाई, पर लिवलं बग."

चौत्राचा हात गेला तेव्हा कुणी हसलं नाही. चौत्रा समोरच्या रांगेत होती, लेकुरवाळी. पट्ट्यात बांगडी अडकली का चिंधी अडकली, कळलंच नाही. किंचाळलेलं तर ऐकूच आलं नाही, तिचं तोंड उघडलेलं तेवढं दिसलं. मावशी फळीवरून उडी टाकून धावली, कोपऱ्यातला दांडा घेतला आणि पट्टा चाकावरून पाडून मशीन थांबवलं. म्हणून जीव वाचला. हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. दवाखान्यात पोलीस आले तेव्हा मुकादम सांगू लागला, की ही बाई कामावर नव्हतीच, बहिणीचा डबा द्यायला आली होती. आणि खरं सांगते, चौत्राला विचारलं तर त्या पोरीनंही अर्ध्या शुद्धीत म्हटलं, "परवाच आले साहेब." इतकं ते आमच्या हाडात गेलं होतं.

मावशी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी तिला रडताना तेवढं एकदाच बघितलं. "म्या शिकिवलं तिला," म्हणत होती, "माज्याच तोंडानं शिकिवलं."

त्यानंतर तिनं 'नवी नवरी' कधी केली नाही.

तोवर तिची छाती गेलीच होती. पहिल्या पहिल्यांदा सोमवारी खोकला यायचा, सुट्टीनंतरच्या दिवशी. मग रोज यायला लागला. मग छातीत ठाण मांडूनच बसला. हंगामाच्या पहिल्या दिवशी मुकादम गेटवर खाट टाकून बसायचा आणि बायका त्याच्यापुढून एकेक आत सोडायचा. खोकणारणीला परत. मावशी तोंडात लवंग धरायची, श्वास कोंडायची आणि त्याच्यापुढून ताठ मानेनं जायची. एका वर्षी नेमकं त्याच्या खाटेपाशीच तिला उबळ आली. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी. मी मागं होते. काय सुचलं कोण जाणे, मी मुकादमावरच तुटून पडले, "माझ्या नवऱ्याला काल काय बोललात हो तुम्ही?" त्यानं माझ्या नवऱ्याला कधी बघितलंही नव्हतं. तो उठून उभा, मी हातवारे करून ओरडतेय, त्या गोंधळात मावशी आत जाऊन रुईच्या ढिगामागं पोटभर खोकून आली. दुपारी मला म्हणाली, "तू लय खोटारडी हाईस गं कमळे." एवढं लाडानं मला माझ्या आईनंही कधी म्हटलं नसेल.

मुंजाजी मुकादम वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. तोही हंगामीच. त्याची खाटही दरवर्षी शेठ देईल तर होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं, तेव्हा मी त्याला उठताबसता शिव्या देत होते.

मग अशोक आला. युनियनचा पोरगा, दाढी वाढवलेला, पायात झिजलेली चप्पल. सुट्टीच्या दिवशी वस्तीत येऊन बसायचा. त्यानं कुठं कुठं खेटे घालून अर्ज केला, की या जिनिंगवरच्या जुन्या बायकांना कायम करा. एका दिवशी सांगत आला, की कामगार ऑफिसातले साहेब येणार आहेत, प्रत्येकीला विचारून लिहून घेणार आहेत. "तुम्ही फक्त खरं सांगायचं. किती वर्षं झाली ते."

मावशी म्हणाली, "आन?"

"आणि काही नाही. तेवढंच."

"तेवढंच तर कव्हा केलं न्हाई बाबा," मावशी म्हणाली.

बायका घाबरल्या. एकीनं खरं सांगितलं आणि बाकीच्या फिरल्या तर त्या एकीचं वाटोळं. शेवटी ठरलं, की रांगेत पहिलं मशीन मावशीचं, साहेब पहिलं तिलाच विचारणार. ती जे सांगेल तेच सगळ्यांनी सांगायचं, कुणी फुटायचं नाही. मावशी उभी राहून म्हणाली, "म्या जुनी मनून सांगते. माज्या मागं या." चौत्रा बिनहाताची बाही पदराखाली घेऊन तिथं बसलेली होती. तिच्याकडं बघून म्हणाली, असं मला वाटलं.

त्या आठवड्यात मावशी कितीतरी दिवसांनी मोकळी वागली. सुनिता दहावीला होती, परीक्षा तोंडावर. "अवंदा पावसाळ्यात पोरगी निंदायला न्हाई यायची," मला रोज सांगायची. रोज मी हौ म्हणायचे. मलाही वाटायला लागलं होतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मशीनं चालू होती. मुकादम दारात आला आणि त्यानं बोटानं मावशीला बाहेर बोलावलं. ती गेली. दोघं अंगणात, वजनकाट्यापाशी उभे राहिले. माझ्या मशीनवरून दार सरळ दिसायचं. मुकादम आमच्याकडं तोंड करून उभा होता. मशीनांच्या एवढ्या आवाजात कोण ऐकतंय असं त्याला वाटलं असणार. मी त्याचा शब्द न् शब्द बघितला.

तो म्हणाला, "शेठनं सांगितलंय. जी बाई जुनी मनंल तिला गावातली एक बी जिनिंग घेणार न्हाई."

मावशी काहीतरी म्हणाली. ती पाठमोरी होती.

"कायदा हाय, म्या कुठं न्हाई मनतो? पर कव्हा यायचा कायदा? तवर तुजी छाती ऱ्हाईल का? दरसाल खोकतीस ते ऐकू येतं मला धुरपताबाई. न ऐकल्यावानी करतो. पुढल्या साली न्हाई करता येणार."

मुकादमानं एकदा ऑफिसच्या काचेकडं बघितलं.

"तू नवी मन. तुज्या जागी पुढल्या हंगामाला पोरीला घेतो. शब्द हाय माजा."

आता मावशीनं मान झटकली आणि तिचा चेहरा अर्धा वळला. मला दिसलं. ती म्हणाली, "पोरगी शाळंत हाय."

"तू मेल्यावर शाळंत काय खाईल ती?"

यावर मावशीचे ओठ हललेच नाहीत. मी वाट बघत होते. कापूस घालायचा राहिला, मशीन रिकामं घुमायला लागलं. मग ती परत आली, आपल्या फळीवर चढली आणि कामाला लागली. मी हात हलवून तिला विचारलं, काय म्हणाला? मला सगळं माहीत होतं तरी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आमच्या बोलण्यात बघितलं नाही की बोलणं संपतं.

साहेब आले. मशीनं थांबली. अंगणात टेबल टाकलं होतं. अशोक बाजूला उभा, नवा सदरा घालून आला होता. पहिली मावशी.

"बाई, किती वर्षं झाली इथं काम करता?"

ती काहीतरी म्हणाली. साहेबांना ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं.

"नवीच हाय," मावशी म्हणाली. "परवाच आले."

अशोकनं मान वर केली. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. भले गृहस्थ होते. तिच्या पांढऱ्या केसांकडं, बोटांच्या पेरांकडं बघितलं आणि हळू म्हणाले, "बाई, भिऊ नका. विचार करून सांगा."

"केलाय इचार, साहेब."

मग मी गेले. मी तेच सांगितलं. ठरलंच होतं तसं. माझ्यामागून सगळ्या गेल्या आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. साहेब खाली मान घालून लिहीत राहिले. टेबल उचललं, मशीनं सुरू झाली. अशोक गेटपर्यंत चालत गेला आणि तिथं कितीतरी वेळ उभा राहिला. तो मावशीला कधी एक शब्द बोलला नाही. बायका मात्र लय बोलल्या. चौत्राची सासू वस्तीत येऊन थुंकून गेली. मी तिच्या बाजूनं भांडायला निघाले तर तिनं माझा हात धरला, म्हणाली, "र्‍हाऊ दे. त्यांचं बरूबर हाय."

त्या पावसाळ्यात तिला निंदायला जाता आलं नाही. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला दम पुरत नव्हता. सुनिता एकटीच जायची. दहावीचा निकाल लागला, पोरगी पास झाली होती. मला ते भाजीबाजारात तिसऱ्याच बाईकडून कळलं. मी मावशीकडं गेले आणि खेकसले, "पोरगी पास झाली आन सांगायला काय झालं गं तुला?" ती भिंतीला टेकून बसली होती. झोपलं की श्वास कोंडायचा, म्हणून बसूनच राहायची. म्हणाली, "पास झाली, तेच तर."

विचारण्यासारखं काय होतं? छाती चालली होती, पोरगी कमावती झाल्याशिवाय चूल पेटणार नव्हती, आणि मुकादमाचा शब्द तेवढा हातात होता.

हंगामाच्या पहिल्या दिवशी नेहमीसारख्या आम्ही सगळ्या गेटवर. आत आपोआप कापूस ओढणारी नवी मशीनं आली आहेत असं कानावर आलं होतं. खोटं नव्हतं. मुकादम खाटेवर बसला, पण यंदा त्यानं फार बायका घेतल्याच नाहीत. जुन्या मशीनांची एक रांग उरली होती, तेवढ्यापुरत्या घेतल्या. मला नाही घेतलं. "जा माय, अवंदा न्हाई," एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला.

तेवढ्यात मावशी आली. सुनिताच्या खांद्यावर हात टाकून, थांबत थांबत. पोरीला साडी नेसवली होती, मावशीचीच, वर खोचून आखूड केलेली. अंबाडा घट्ट बांधलेला, बांगड्या कोपराकडं सरकवून वर चिंधी. पोरीचे डोळे ताणले गेले होते का रडून सुजले होते, मला कळलं नाही. मुकादमानं शब्द पाळला. त्यानं मावशीकडं बघितलं, मग पोरीकडं, आणि मान हलवली. सुनिता आत गेली. मावशीनं तिला काही सांगितलं नाही, पोरीनंही मागं वळून बघितलं नाही. गेट लागलं.

"चल घरी, मावशे," मी म्हणाले. मला घाई होती. रेल्वे फाटकापलीकडच्या जिनिंगवरही त्याच दिवशी बायका घेणार होते, उशीर झाला तर तिथलीही जागा गेली असती.

ती गेटच्या सळ्या धरून उभी. राखणदाराला विचारलं, "भाऊ, कोणत्या मशीनवर लावली पोरीला?"

त्यानं वाकून आत बघितलं. "दारापासच्या."

"माजंच," मावशी म्हणाली. आणि एकदम तिचा चेहरा बदलला. "त्याच्यापुढची फळी ढिली झालीय. डाव्या अंगानं. म्या उजव्या पायावर उभी ऱ्हायाची. सांगायचंच ऱ्हायलं तिला. भाऊ, तेवढं सांगून ये की!"

"गेट सोडता येत न्हाई. सांगतो जेवणाच्या सुट्टीत."

"तवर उभी ऱ्हाईल ना ती तिच्यावर!"

आत मशीनं सुरू झाली होती. मावशीला ओरडायला दम नव्हता. मी एकदा हाक मारली, दोनदा मारली, ती माझ्याच कानाला नीट ऐकू आली नाही. दाराच्या उघड्या फटीतून सुनिता दिसत होती, पाठमोरी, खाली वाकून पाटीतला कापूस उचलताना. मला जायलाच पाहिजे होतं. मी निघाले.

वळणावर जाऊन मागं बघितलं. मावशी एका हातानं गेट धरून उभी होती आणि पायानं जमिनीवर दाखवत होती, इथं नको, तिकडं सरक, उजवीकडं उभी राहा. पुन्हा पुन्हा दाखवत होती. आत तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.